आई म्हटल्यावर ओ कोणी द्यायची

सोनईहून घोडेगावच्या वाटेला लागलं, की उजव्या हाताला निमसे वस्ती येते. वस्ती म्हणजे काय, तर एक सिमेंटचं घर, गोठा, कांद्याची चाळ आणि दारात शेवग्याचं झाड. या अंगणात उभं राहून कोणीही 'आई' अशी हाक मारावी, आतून ओ येणार ती राहीबाईंची. बाईंचे कान आता पार गेलेत. दारातून टेम्पो धडधडत गेला तरी त्या मान वळवत नाहीत, पण 'आई' म्हटलेलं त्यांना कसं काय ऐकू जातं, ते एका देवालाच ठाऊक. गोष्ट मात्र त्यांची नाही. गोष्ट आहे त्यांच्या धाकट्या जावेची, लंकाबाईंची. साठी उलटली तरी या बाईवर 'आई' म्हटल्यावर ओ द्यायची वेळ कधी आली नव्हती, आणि पोटचा मुलगा तर चांगला शिकलासवरलेला, कॅनडात नोकरीला.

आता हे कसं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ ध्यानात यायचा नाही.

राहीबाई थोरल्या. त्या घरात आधी आल्या, त्यांना गोरक्षनाथ झाला. तो त्यांना आई म्हणायचा आणि नव्यानं लग्न होऊन आलेल्या चुलतीला काकी. त्यात वावगं काहीच नाही. मग लंकाबाईंना ओंकार झाला, आणि तो बोलायला शिकला तो थोरल्या भावाच्या तोंडाकडं बघत. दादा जिला आई म्हणतो ती आई, काकी म्हणतो ती काकी. एकत्र घरात पोरांना नाती कोणी शिकवत बसत नाही, ती आपली ऐकून उचलतात. त्यात सासू खमकी. मोठ्यांच्या देखत आपलं पोर आपणच मांडीवर घेऊन लाड करणं म्हणजे बेशरमपणा, असा त्या घरचा कायदा. शेतातलं काम लंकाबाईंच्या वाट्याला आणि घरातलं राहीबाईंच्या. ओंकारला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, ताप आला की खांद्यावर टाकून फेऱ्या मारणं, सगळं राहीबाईंनी केलं आणि जीव लावून केलं. खोटं कशाला बोला? त्यांच्या मायेत उणं काढायला जागा नव्हती.

लंकाबाईंनी एकदाच विचारून बघितलं होतं. पोरगं तीनेक वर्षांचं असेल. दोघंच कांद्याच्या वावरात होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यांनी त्याला जवळ ओढलं, हाताला माती होती म्हणून कोपरानंच कवटाळलं आणि म्हणाल्या, "ओंकारा, मला आई म्हन की रं एकदा." पोरानं त्यांच्याकडं बघितलं, मग मागं वळून घराकडं बघितलं आणि अगदी समजूत घालावी तसं सांगितलं, "आई घरी हाय."

बाई हसल्या आणि खुरपं हातात घेतलं. मनाला लागलं, लई लागलं, पण पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

वर्षं गेली. सासू-सासरे गेले, मागोमाग दोघींचे मालकही गेले, राधाकृष्ण आणि सहादेव. दोघी जावा आणि गोरक्षाचा संसार, एवढंच घर उरलं. ओंकार नगरला इंजिनियर झाला, पुण्याला नोकरीला लागला, तिथून कॅनडा. श्रीरामपूरची निकिता त्यानं केली. गुणाची पोर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं सासूला विचारलं, "आई, चहा ठेवू का?" लंकाबाई समोर बसून मेथी निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. ओ आली ती पडवीतून, राहीबाईंची. "ठिव की, अन् साखर बेतानं टाक." सगळं घर खो खो हसलं. लंकाबाईही हसल्या. सून बिचारी गोंधळली आणि दोन कप चहा जास्तीचा टाकून बसली.

आणि मग तो फोन आला.

तिकडं आईबापांना कायमचं राहायला बोलवायचं तर आधी नाव टाकावं लागतं आणि नंबर लागायची वाट बघावी लागते. ओंकारनं कोरोनाच्या साली नाव टाकून ठेवलं होतं, ते सगळे विसरूनही गेले होते. तर नंबर लागला. त्यानं गोरक्षाला फोन करून सांगितलं, की दादा, आईचा नंबर लागला, आईला आता इकडंच आणायचं, मुदत थोडी आहे, आईचा पासपोर्ट तेवढा लगोलग काढून घे. गोरक्ष गोठ्यात धारा काढत होता. कासंडी तशीच टाकून तो घरात आला आणि आपल्या आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "आई, ओंकार तुला कॅनडाला न्यायला लागलाय. कायमचं."

राहीबाईंनी दोनदा विचारून घेतलं. मग पदरानं डोळे पुसले, देवापुढं साखर ठेवली, आणि ती साखर सगळ्यात आधी लंकाबाईंच्याच हातावर घातली.

लंकाबाईंनी साखर तोंडात टाकली. आणि त्याच क्षणी आत काहीतरी तुटलं म्हणा ना. पोरगं कायमचं म्हणून एकीला नेणार, तर ती आपण नव्हे. बाईंनी मनाची समजूत घालायला सुरुवात केली. भरवलं कोणी? थोरल्या आक्कांनी. फेऱ्या मारल्या कोणी? आक्कांनीच. मग नेतोय तो बरोबरच करतोय. अशी समजूत त्या दिवसातून कितीदा घालायच्या आणि प्रत्येक वेळी ती अर्ध्यात सुटायची. गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून त्या रडल्या. रूपालीनं, गोरक्षाच्या बायकोनं, पाहिलं तर म्हणाल्या, मिरचीचा हात डोळ्याला लागला.

पण तोंड वाकडं करतील तर त्या लंकाबाई कसल्या! जावेच्या तयारीला त्याच पुढं. नगरला पोस्टातल्या पासपोर्टच्या हापिसात राहीबाईंच्या शेजारी बसून साहेबाचा प्रत्येक प्रश्न त्यांच्या कानात ओरडून सांगितला त्यांनीच. अख्ख्या हापिसाला राहीबाईंची जन्मतारीख पाठ झाली. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा त्यांनीच दिला. नगरच्या कापडबाजारातून चाकाची निळी बॅग आणली, तर ती कशी लावायची यावर दोघींची रोज नवी चर्चा. आमटीला येसराचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, सांडगे, आणि ओंकारची पोरगी ज्ञानेश्वरी हिच्यासाठी जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी. गोधडीचे टाके लंकाबाईंचे आणि सूचना राहीबाईंच्या. राहीबाईंनी तर सोनईच्या बाजारात भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, की मी आता पोराकडं चालले, दुधाची बेरीज गोरक्षाला विचारा.

तुम्ही म्हणाल, इतके दिवस फोनवर उलगडा कसा झाला नाही? अहो, होणार कसा? राहीबाईंना फोनवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्या फोन हातात घेणार, "जेवला का, पोरगी बरी हाय का, थंडीचं कानाला बांधत जा," एवढं एका दमात बोलणार आणि उत्तराची वाट न बघता फोन दुसऱ्याकडं देणार. त्या दिवसांत शेवटी "आता तिकडंच भेटू" असंही म्हणायच्या, आणि ओंकारला वाटायचं आईची गंमत चाललीय. लंकाबाई फोनवर फक्त "सगळं बरंय" म्हणायच्या, कारण जास्त बोललं तर आवाज फुटेल याची भीती.

पासपोर्ट आला. गोरक्षानं मोठ्या दिमाखात त्याच्या पहिल्या पानाचा फोटो ओंकारला पाठवला. आणि पाचच मिनिटांत फोन वाजला तो लंकाबाईंचा. त्या कांद्याच्या चाळीत सडके कांदे वेचत होत्या.

"काकी," ओंकार म्हणाला, "मोठ्या आईचा पासपोर्ट कशाला काढला?"

"मोठी आई कोन?"

"आपली आई."

"मग बरोबरच हाय की. तूच म्हनला ना, आईला न्यायचं."



"काकी," तो म्हणाला, "मी तुझं म्हनत हुतो."

मग सगळं बाहेर आलं. निकिता सासूला आई म्हणते आणि राहीबाईंना मोठ्या आई. तिकडं नवरा-बायको रोज तसंच बोलतात. बोलून बोलून ओंकारच्या तोंडीही तेच बसलं होतं. तिथून 'आई' म्हटलं की ती लंकाबाई, आणि इथं येईपर्यंत तिची राहीबाई व्हायची. हे इकडं कोणाला कळवायचं असतं, ते त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि सरकारचं म्हणाल तर जन्म दिलेली आईच तिथं आई, चुलतीला त्या अर्जात जागा नाही.

लंकाबाई कांद्याच्या ढिगावर मटकन बसल्या. आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. इतका झाला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोरगं आपल्याला नेत होतं. तिथं बसून, जेव्हा कोणी ऐकत नव्हतं तेव्हा, त्याच्या तोंडी आपण आई होतो. आणि दुसऱ्याच श्वासाला घरातल्या त्या निळ्या बॅगेची आठवण झाली. हे आता आक्कांना सांगायचं कोणी?

गोरक्ष म्हणाला, माझ्याच्यानं व्हायचं नाही. ओंकार म्हणाला मी सांगतो, पण त्याचं राहीबाईंना ऐकू कसं जाणार? राहिल्या लंकाबाईच. आणि त्यातही अडचण अशी, की गोष्ट हळू सांगायची, आणि राहीबाईंना हळू काही ऐकू येत नाही. घरात सांगावं तर अर्ध्या सोनईला कळेल. शेवटी लंकाबाई त्यांना भाजी आणायच्या निमित्तानं पार विहिरीकडच्या वावरात घेऊन गेल्या, चारी बाजूला कोणी नाही असं बघितलं आणि आपल्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक बोलणं घसा ताणून बोलल्या. बांधावरचे बगळे उडाले, एवढ्या मोठ्यानं.

राहीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "म्हंजी कागदावर मी पोराची कोन?"

"चुलती," लंकाबाई ओरडल्या. ओरडता ओरडता त्यांना रडू आलं.

राहीबाईंनी खाली वाकून मेथीत उगवलेलं गवत उपटलं, बांधावर फेकलं आणि घराकडं चालायला लागल्या. त्या दिवशी त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या, दुसऱ्या दिवशीही तशाच. गोरक्षानं अंगणातून "आई" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. त्या घरात पहिल्यांदाच त्या हाकेला ओ आली नाही. रूपाली घाबरून गेली. लंकाबाईंनी ओंकारला फोन करून सांगून टाकलं, की मला यायचं नाही, तू अर्ज मोडून टाक. तो काकुळतीला आला, की मुदत जाईल, पुन्हा नंबर लागायचा भरवसा नाही. या म्हणाल्या, जाऊ दे गेली तर.

रूपालीनं जाऊन हे राहीबाईंच्या कानात घातलं. बाई उठल्या. सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि लंकाबाईंच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"म्हनं तू जात न्हाईस."

लंकाबाईंनी मान हलवली.

"माझं कान गेल्यात, डोळं न्हाई गेलं," राहीबाई म्हणाल्या. "पोरानं हाक मारली की तू दर टायमाला मान उचलायचीस, अन् मी ओ दिली की खाली घालायचीस. मला दिसत न्हवतं व्हय? दिसत हुतं. पन ग्वाड लागायचं, म्हनून मी देत गेले. तुझ्या वाटची बी मीच दिली इतकी वरसं. आता तू जा, अन् तुझी ओ तू दे."

लंकाबाई त्यांच्या गळ्यात पडल्या आणि हमसून हमसून रडल्या. पोळी तव्यावर करपून गेली तरी कोणी बघितलं नाही. थोड्या वेळानं राहीबाईंनीच त्यांना बाजूला सारलं आणि नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाल्या, की पासपोर्ट काढलाय तो काय लोणच्यात घालायला नाही, तिथं जाऊन माझीही काहीतरी सोय लाव. ओंकारनं मग कळवलं, की मोठ्या आईला पाहुणी म्हणून येता येईल, काही महिने राहता येईल. ते ऐकून राहीबाई फणकारल्या. पोराच्या घरी पाहुणी म्हणून जाणार नाही म्हणाल्या. दोन दिवसांनी मात्र तिकडं थंडीत चपला घालतात का बूट, ते विचारून ठेव म्हणून सांगितलं.

आणि ओंकारला फोनवर हुकूम गेला. आजपासून तिला आई म्हणायचं. तिकडच्या साहेबासमोर तोंडातून काकी निघालं, तर ते तिला दारातनं परत धाडतील. पोरगं हो म्हणालं. पण जन्माची जिभेची सवय अशी जाते होय? काकी म्हणायची चोरी, आणि आई काही तोंडातून फुटेना. मग तो लंकाबाईंशी काही न म्हणताच बोलायला लागला. "ऐकलं का," "बरं का," "काय चाललंय," असं. नवा नवरा बायकोशी बोलतो ना, अगदी तसं. लंकाबाईंना हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. त्या कधी म्हणाल्या नाहीत, की काकीच म्हण. तेवढं मात्र त्यांच्यानं म्हणवलं नाही.

लंकाबाईंचा पासपोर्ट घाईघाईनं काढला, कागद मुदतीत गेले. मग वाट बघणं. तब्येतीची तपासणी झाली, पुण्याला जाऊन बोटांचे ठसे झाले. मधे कांदा निघाला, चाळीत भरला, विकला, पुन्हा लावला. आणि एक दिवस व्हिसा आला.

निघायच्या आदल्या दिवशी राहीबाईंनी ती निळी बॅग बाहेर काढली. त्यातली आपली लुगडी तेवढी उचलून कपाटात ठेवली आणि त्या जागी लंकाबाईंची ठेवली. मसाला जुना झाला होता, तो नवा कुटला. गोधडी पुन्हा एकदा उन्हात घालून घडी केली. गोरक्षाची गाडी मुंबईला जायला निघाली तेव्हा लंकाबाई पाया पडल्या, आणि राहीबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. गाडी शेवग्याखालून निघाली तेव्हा हात वर करून ओरडल्या, की पोहोचल्याचा फोन कर. त्यांना तो ऐकू येणार नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

विमानात लंकाबाईंनी पट्टा बांधला तो उतरेपर्यंत सोडला नाही. तिथल्या साहेबानं काहीबाही विचारलं. त्यातलं ओंकारचं नाव तेवढं त्यांना कळलं, त्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून "माझा" म्हटलं. त्यानं शिक्का मारला. मग लांबच लांब फरशी, आणि शेवटी आपोआप उघडणारी काचेची दारं. बॅग ओढत त्या बाहेर आल्या तर समोर माणसांची ही गर्दी. कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात पाट्या. ओळखीचा एकही चेहरा लागेना.

आणि गर्दीतून हाक आली. "आई!"

लंकाबाईंनी मागं वळून बघितलं. राहीबाई कुठंयत म्हणून. अहो, जन्माची सवय ती. मागं एक सरदारजी सामानाची ढकलगाडी घेऊन उभा होता आणि त्याच्या मागं काचेचं दार मिटत होतं. 'आई घरी हाय,' हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आई, इकडं," हाक पुन्हा आली. या वेळी आवाज जरा फुटका होता. त्यांनी समोर बघितलं. लोखंडी कठड्याशी ओंकार होता. खांद्यावर झोपेला आलेली ज्ञानेश्वरी, शेजारी निकिता. तो लंकाबाईंकडंच बघत होता, दुसरीकडं कुठंच नाही.

लंकाबाईंनी राहीबाईंची बॅग खाली ठेवली. "ओ," त्या म्हणाल्या. पण ती इतकी हळू आली, की त्यांची त्यांनाच जेमतेम ऐकू गेली. म्हणून मग दुसऱ्यांदा त्यांनी राहीबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात ओ दिली.